उलटं आलेलं पान

नेरूळ, सेक्टर अठरा. खाली झेरॉक्स, वर हेमांगीची खोली.
भाचीने पैसे आधीच भरले होते,
नाहीतर मी कशाला जातोय पत्ते वाचून घ्यायला.

"प्रश्न मनात धरा, काका, आणि एक पान काढा."
मी गुडघा धरला होता, जिन्यामुळे.
पान काढलं. उलटं आलं.

"द फूल," ती म्हणाली,
आणि मी पानात फूल शोधलं.
होतंही. पांढरं, त्या पोराच्या डाव्या हातात.
"म्हणजे मूर्ख," ती ओशाळली, "तुम्ही नाही हो, पानाचं नाव. क्रमांक शून्य."

मग तिने सांगितलं, पाठ केल्यासारखं:
कडा म्हणजे धोका,
काठीवरचं गाठोडं म्हणजे न उघडलेलं काहीतरी,
कुत्रा म्हणजे सावध करणारं मन.
उलटं आलं की अविचार. जपून राहा.

मी बघत होतो.
पिवळं आभाळ खाली. तुर्भ्यावर असायचं तसंच,
खाणी चालू होत्या तेव्हाचं, धुळीचं.
कडा वर, छतासारखा,
आणि त्याला पाय चिकटवून हा चाललाय पालीसारखा, खुशाल.

बाई, म्हटलं, मी एकतीस वर्षं सर्व्हेत होतो.
आमच्या जुन्या लेव्हलच्या दुर्बिणीत
माणूस उलटाच दिसायचा.
सवय होते. सरळ करून बघावंसंही वाटत नाही नंतर.

पावण्यामागची खाण. मे महिना.
स्टाफ धरायला पोशा भोईर, रोजंदारीवर.
चौदा फुटी पट्टी खांद्यावर, कानामागे तगर,
मागे त्याचं पांढरं कुत्रं, त्याला नाव नव्हतं.
ज्या जमिनी आम्ही मोजत होतो
त्यातली एक त्याच्या बापाची.
तिथेही त्याने पट्टी सरळच धरली.

मी हात हलवत होतो: मागे. अजून मागे.
एक डोळा मिटलेला, दुसरा काचेला.
दोन पूर्णांक तीनशे पंच्याऐंशी.
आकडा वाचत होतो मी. पाय नाही.
भुंकलं ते कुत्रं.

पोशाने खाली वाकून बघितलं, आणि हसला.
"साहेब, याचे पुरं कायच नाय. काय लिवशील?"
मी काहीच लिहिलं नाही.
पुढचा पॉइंट घेतला.

कायम व्हायला दोन महिने होते त्याला.
एका सकाळी पट्टी माझ्या टेबलाला टेकवून ठेवली,
टॉवेलात बांधलेलं काहीतरी बगलेत.
"जातंय," म्हणाला.
कुठे, विचारलं, तर हनुवटी वर केली,
तिकडे पारसिकचा डोंगर होता, किंवा नुसतं वर.
ऑफिसात आठवडाभर येडा, येडा.
पुढे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट वाटले,
त्यालाही तो आला नाही.

मी राहिलो. या शहराला आकडे दिले.
हा अठरा, तो एकोणीस, प्लॉट अमुक, रस्ता तमुक.
शून्य मात्र कुठल्याच सेक्टरला दिला नाही.
कुणी मागितलाही नाही.

"मग तुम्हाला काय वाटतं, याचा अर्थ?"
तिने खरंच विचारलं. चहा गार झाला होता.

म्हटलं, शून्य म्हणजे काही नाही, असं नसतं.
पट्टीवर शून्य तळाशी असतो, मातीला टेकलेला.
सगळी उंची तिथून मोजायची.
फक्त आमच्या दुर्बिणीत
तो वर दिसायचा.

ती पान सरळ करायला गेली. राहू दे, म्हटलं.

परत बघितलं, यात मी कुठे ते.
पोरगा तर नाहीच.
कुत्राही नाही. कुत्रा भुंकला होता.
मी चौकटीच्या बाहेर असणार,
जिथून हे सगळं नीट दिसतं तिथे,
एक डोळा मिटून,
हात हलवत.